ठिपक्यांचा हिशेब

कारखान्याचे ऊसबिल खात्यावर जमा झाले, म्हणजे माळशिरस तालुक्यातील पुष्कळशा घरांत जुना टीव्ही बदलण्याचा विषय निघतो. आणि मग अकलूजच्या किंवा खुद्द माळशिरसच्या दुकानात भिंतभर मांडलेल्या पडद्यांपुढे उभे राहिल्यावर, ज्या गृहस्थाने बैल घेताना त्याचे दात मोजले आणि जमीन घेताना सातबाऱ्यावरचा एकूणएक बोजा वाचून पाहिला, तोही खोक्यावर छापलेल्या ‘फोर-के’ ह्या अक्षरांवर बिनतक्रार विश्वास ठेवून पैसे मोजतो. त्या पडद्यावर पोपटाच्या पिसाची एकेक रेघ आणि डाळिंबाच्या दाण्यावरचा थेंब इतका लख्ख दिसत असतो की अविश्वासाला जागाच उरत नाही. तोच संच घरी येतो, भिंतीवर चढतो, छपरावरच्या छत्रीची वायर त्याला जोडली जाते, संध्याकाळची मालिका सुरू होते, आणि घरातील एखादी वडीलधारी बाई सहज बोलून जाते, “ह्यापरीस आपला जुना डबाच बरा दिसत हुता की!” दुकानदाराने वस्तू बदलली, अशी शंका त्यावर कोणीतरी काढतोच. वस्तुतः वस्तू तीच असते. बदललेला असतो तो तिला होणारा चित्राचा पुरवठा. दुकानात कंपनीने मुद्दाम तयार करून पाठवलेली, उत्तम कॅमेऱ्याने सावकाश टिपलेली चित्रे पेन ड्राइव्हवरून चालू असतात; घरी येते ती अर्ध्या शतकापूर्वी ठरलेल्या रेषांच्या मापाची दूरचित्रवाणी. आजीबाईंचा अभिप्राय मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो शास्त्राच्या कसोटीवर जवळजवळ पूर्णपणे उतरतो, आणि तो का उतरतो हे समजून घेण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो.

भारतात दूरदर्शनचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात झाला; मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढल्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यावरून ते कार्यक्रम पुण्याच्या परिसरात दिसू लागले. आपल्याकडे पद्धत स्वीकारली गेली ती ६२५ रेषांची. म्हणजे एक संपूर्ण चित्र एकाखाली एक अशा ६२५ आडव्या रेषांनी काढायचे. पैकी काही रेषा, काचेच्या नळीतील किरण तळाशी पोहोचून पुन्हा माथ्यावर जाईपर्यंतच्या अवधीत खर्ची पडत, आणि प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला ५७६ उरत. १९८२ साली रंग आले, पण रेषांची संख्या बदलली नाही. पुढे हेच चित्र अंकांत मांडण्याची वेळ आली तेव्हा प्रत्येक रेषेचे ७२० तुकडे करायचे ठरले. अशा रीतीने साध्या वाहिनीच्या एका चित्रात ४,१४,७२० ठिपके होतात. ह्या ठिपक्यालाच पिक्सेल म्हणतात.

आता पडद्याकडे वळू. बाजारात ३२ इंची म्हणून विकले जाणारे आणि ‘एचडी रेडी’ असे बिरुद मिरवणारे बहुतेक संच १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचे, म्हणजे साडेदहा लाखांच्या आतबाहेरचे असतात. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, अर्थात २०,७३,६०० ठिपके. आणि फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, अर्थात ८२,९४,४००. सपाट पडद्याचा धर्म असा की त्याच्या अंगी जितके ठिपके असतील तितके सगळे त्याला प्रत्येक चित्राच्या वेळी भरावेच लागतात. काचेच्या नळीप्रमाणे आलेल्या रेषांनुसार स्वतःला आवरून घेण्याची मुभा त्याला नाही. तेव्हा साध्या वाहिनीचे चार लाख चौदा हजार ठिपके फोर-के पडद्यावर आले, की भागाकार बरोबर वीस येतो: दर वीस ठिपक्यांपैकी एकाला आधार वाहिनीचा, उरलेले एकोणीस संचाने शेजारच्या ठिपक्यांचे रंग पाहून अंदाजाने भरलेले. चांगला संच हा अंदाज कौशल्याने बांधतो, स्वस्तातला संच ओबडधोबड बांधतो, पण अंदाज तो अंदाजच. उसाच्या मुलखात हे समजावून सांगणे सोपे आहे: कारखान्याची गाळपक्षमता दुप्पट केली म्हणून उसाचा उतारा वाढत नाही, साखर जी निघायची ती उसात असेल तेवढीच निघते.

येथे एक गमतीची गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. फुल एचडीच्या वाहिनीचे चित्र फोर-के पडद्यावर आणायचे झाल्यास प्रत्येक ठिपक्याचे आडवे दोन आणि उभे दोन, असे चार ठिपके नेमके करता येतात, अपूर्णांकाचा त्रास उरत नाही. म्हणून ते चित्र बरेचसे निर्मळ राहते. उलट तीच वाहिनी ३२ इंची ‘एचडी रेडी’ संचावर पाहिली, तर वीस लाख ठिपके साडेदहा लाखांत कोंबावे लागतात आणि जवळजवळ निम्मा तपशील दारातच टाकून द्यावा लागतो. एचडी वाहिनीसाठी दरमहा जादा पैसे भरणाऱ्याने आपल्या संचाचे माप आधी पाहावे, हे उघड आहे. दुकानात हे कोणी सांगत नाही.

आजीबाईंचा जुना डबा बरा का दिसत होता, ह्याचे पहिले कारण अंतर हे आहे. निरोगी मनुष्याच्या डोळ्याला दोन बारीक खुणा वेगळ्या ओळखू येण्यासाठी त्यांच्यामध्ये निदान एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतका कोन लागतो. जुन्या २१ इंची संचाचे दृश्य चित्र सुमारे ३० सेंटीमीटर उंच असे. त्यात ५७६ रेषा बसवल्या की एकेका रेषेला अर्धा मिलिमीटर मिळतो, आणि सहा फुटांच्या पलीकडे बसलेल्या माणसाला त्या रेषा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. दहा बाय बाराच्या खोलीत माणसे आठ-नऊ फुटांवर बसत; त्यांना त्या चित्रात उणे असे काहीच जाणवत नसे. आता त्याच खोलीत, त्याच भिंतीवर ४३ इंची संच आला. त्याची उंची साडेत्रेपन्न सेंटीमीटरच्या घरात. त्याच ५७६ रेषा ताणून बसवल्यावर एकेक रेष जवळजवळ मिलिमीटरभर जाड होते, आणि ती दिसेनाशी होण्यासाठी प्रेक्षकाने साडेदहा फूट मागे सरकले पाहिजे. मागे तर भिंत! चित्रात काहीही बिघडलेले नाही. पूर्वी झाकून राहिलेले त्याचे दारिद्र्य आता मोठे करून दाखवले जात आहे, इतकेच.

हाच हिशेब उलटा मांडला म्हणजे फोर-केच्या मोहाचाही निकाल लागतो. ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडे डोळ्याला सुटे दिसत नाहीत, आणि फोर-केचे ठिपके तर तीन फुटांच्या आत नाक नेल्याशिवाय दिसत नाहीत. आठ फुटांवर पलंगावर बसून पाहणाऱ्याला ह्या दोहोंतील फरक ठिपक्यांच्या संख्येने तरी कळणार नाही. कळलाच, तर तो पडद्याच्या उजेडाचा, काळ्या रंगाच्या गडदपणाचा आणि आतील प्रक्रियायंत्राच्या गुणवत्तेचा फरक असतो. आणि ह्या गोष्टी खोक्यावर ठळक अक्षरांत कोणी छापत नाही. पंचावन्न-पासष्ट इंची संच आणि प्रशस्त दिवाणखाना असेल त्याने फोर-के अवश्य घ्यावा. एरवी हल्ली मोठ्या मापाच्या संचांत फोर-केशिवाय दुसरे फारसे मिळतच नाही, तेव्हा पुष्कळांच्या बाबतीत हा प्रश्न बाजारानेच सोडवून टाकला आहे.

परंतु ठिपक्यांच्या संख्येने चित्राची सगळी कैफियत पुरी होत नाही, आणि हे पाहायचे असेल तर आषाढातल्या त्या दिवसाचे प्रक्षेपण पाहावे, ज्या दिवशी ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्याचा मुक्काम हलवून माळशिरसकडे येते आणि वाटेत सदाशिवनगरजवळ पुरंदवड्याला गोल रिंगण होते. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले अश्व, त्यांच्याभोवती टाळकरी, पताकाधारी आणि तुळशीवृंदावने डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया, मागे हजारो पांढऱ्या टोप्या, आणि अश्वांनी दौड घेताच टापांखालून उठणारी धूळ! प्रत्यक्ष पाहणाऱ्याला हे दृश्य जितके रम्य, तितकेच ते चित्र आकुंचित करणाऱ्या यंत्राला जाचक. कारण असे, की साध्या वाहिनीचे चित्र अस्सल स्वरूपात पाठवायचे म्हटले तर दर सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट इतका मजकूर होतो, आणि उपग्रहावर वाहिनीच्या वाट्याला येणारी जागा ह्याचा अगदी अल्पांश असते. म्हणून यंत्र चित्राचे लहान लहान चौकोन पाडते, मागच्या चित्राशी ते ताडून पाहते, आणि जे बदलले तेवढेच कळवते. मालिकेच्या दिवाणखान्यात दोन जावा बोलत उभ्या असतात तेव्हा भिंत, सोफा, पडदे जागच्या जागी असतात. फक्त ओठ हलतात, आणि काम थोडक्यात भागते. रिंगणात मात्र स्थिर असे काहीच नाही. प्रत्येक पताका फडकते, प्रत्येक टोपी हलते, धुळीचा प्रत्येक कण जागा बदलतो, शिवाय कॅमेराही अश्वामागे वळत असतो. एवढा बदल ठरलेल्या जागेत मावत नाही, आणि मग यंत्र बारीक तपशील सोडून देते, गर्दीचे चेहरे मेणासारखे होतात, धुळीत चौकोन उमटतात. “चित्र फुटतंय” असे लोक म्हणतात ते हेच. अशा वेळी एचडी वाहिनीचीही त्रेधा उडते. ठिपके वीस लाख असले तरी त्यांत भरायला पुरेसा मजकूर आलेला नसतो.

त्याच दौडीत आणखी एक दोष जवळून पाहण्यासारखा आहे. आपली दूरचित्रवाणी एक चित्र दोन हप्त्यांत पाठवते: आधी एकाआड एक अशा विषम रेषा, आणि एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या सम रेषा. आपल्याकडील बहुतेक एचडी वाहिन्याही ह्याच रीतीने चालतात. काचेच्या नळीचा संच हे हप्ते आले तसे रंगवीत असे आणि डोळ्याला ते जोडलेले वाटत. सपाट पडद्याला मात्र सगळे चित्र एकदम दाखवावे लागते. अश्व ताशी चाळीस किलोमीटर वेगाने धावत असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या हप्त्यामधल्या अवधीत तो बावीस सेंटीमीटर पुढे गेलेला असतो; दोन्ही हप्ते तसेच एकत्र जोडले तर त्याच्या मानेची कड फणीच्या दातांसारखी दिसू लागते. चांगला संच गती ओळखून हे दात बुजवतो. हलका संच एक हप्ता टाकूनच देतो, आणि उभी स्पष्टता निम्म्यावर येते. दोन निरनिराळ्या कंपन्यांचे, सारख्याच ठिपक्यांचे संच शेजारी ठेवले असता एकावर रिंगण बरे आणि दुसऱ्यावर भुरकट का दिसते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

छत्रीचा विषय निघालाच आहे, तर तिच्याविषयीचा एक समज दूर करणे इष्ट. दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेली आणि आज फ्री डिश ह्या नावाने ओळखली जाणारी मासिक शुल्काविना चालणारी सेवा खेड्यापाड्यांतील छपरांवर सर्वत्र दिसते. तिचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी असल्यामुळे माळशिरसच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून, क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर पाहत असतात. चित्र मऊ दिसले की घरातील एखादा उत्साही तरुण शिडी लावून वर चढतो आणि छत्री रेसभर इकडे, रेसभर तिकडे करू लागतो, खाली दारात उभे राहून दुसरा ओरडतो, “आलं, आलं… गेलं!” जुन्या अँटेनाच्या काळात हा खटाटोप सार्थ होता, कारण लहर दुबळी झाली की पडद्यावर मुंग्या येत आणि बळकट झाली की त्या जात. अंकांच्या पद्धतीत असे मधले अवस्थांतर जवळजवळ नाही. मजकूर पुरा पोहोचला तर चित्र जसे पाठवले तसेच उमटते. पावसाच्या दाट सरीत तो अपुरा पोहोचला तर चौकोन पडतात, अडकते आणि मग निळा पडदा येतो. छत्री कितीही नेमकी रोखली तरी साध्या वाहिनीची एचडी होणार नाही. मात्र सेट-टॉप पेटीपासून संचापर्यंतची वायर जरूर तपासावी. पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांच्या वायरीतून येणारे चित्र पुन्हा जुन्या पद्धतीत उतरवलेले असते, त्याचे रंग एकमेकांत झिरपतात, आणि त्या वाटेने एचडी येऊच शकत नाही. पेटीला एचडीएमआयचे भोक असेल तर ती केबल लावावी. फार थोड्या पैशांत एवढा उघड फरक देणारी दुसरी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

एकाच कलाकृतीचे किती निरनिराळे दर्जे एकाच घरात नांदू शकतात, ह्याचे उदाहरण ह्याच मुलखातले घेता येईल. २०१६ सालचा ‘सैराट’ करमाळ्याच्या परिसरात चित्रित झाला आणि त्याची नायिका रिंकू राजगुरू आपल्या अकलूजची. चित्रपटगृहाच्या पडद्यावर त्याचा सगळा तपशील होता: विहिरीच्या कडेचे गवत, केळीच्या बागेतला उजेड. त्याच सुमारास मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या सुरू झाल्या. तेथे तो पाहिला तर बराचसा टिकतो. साध्या वाहिनीवर केळीची पाने एका हिरव्या थराची होतात. इंटरनेटवरून पाहिला तर निकाल त्या क्षणीच्या वेगावर ठरतो, कारण ह्या सेवा जाळ्याची गती पाहून दर काही सेकंदांनी चित्राचा दर्जा चढवतात-उतरवतात. फोर-केसाठी सेकंदाला पंधरा ते पंचवीस मेगाबिटांची धार लागते, आणि संध्याकाळी साऱ्या आळीने एकाच मनोऱ्यावर मोबाइल लावले की ती आटते. आणि त्याच गाण्याचा तुकडा व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा हातांतून फिरत आला असेल, तर वाटेत तो बराच पिळला गेलेला असतो. तो मोबाइलच्या वितभर काचेवर ठीक दिसतो म्हणून कोणी हौसेने भिंतीवरच्या पडद्यावर लावू नये.

जुने तितके अस्पष्ट, हा समजही येथेच तपासून घ्यावा लागेल. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने १९८७ सालची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवली, आणि मोठमोठ्या नव्या पडद्यांवर ती पाहताना लोकांना ती धूसर वाटली. ती व्हिडिओ टेपवर चित्रित झालेली. टेपवर ५७६ रेषांपलीकडचे काही उमटलेच नव्हते, तेव्हा कोणत्याही यंत्राने ते काढून देता येणार नाही. तिच्यापेक्षा अर्धशतकाने जुना, प्रभातचा दामले-फत्तेलाल दिग्दर्शित ‘संत तुकाराम’ १९३६ चा. पण तो ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, आणि तशा चांगल्या निगेटिव्हमधून फोर-केच्या तोडीचा तपशील निघू शकतो. अट एवढीच, की निगेटिव्ह किंवा तिच्या जवळची प्रत सुस्थितीत शिल्लक हवी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचे असंख्य डबे भस्मसात झाले, हे आठवले म्हणजे ह्या अटीचे मोल कळते. वाहिन्यांवर जुने चित्रपट खराब दिसतात ते बहुधा कोणा एकाने फार पूर्वी घाईने काढलेल्या नकलेच्या नकलेवरून दाखवले जातात म्हणून.

संचातील मांडणीविषयी दोन शब्द. जुन्या कार्यक्रमांचे चित्र चारास तीन ह्या प्रमाणाचे, नवा पडदा सोळास नऊचा. भिंतभर चित्र हवे म्हणून ते ताणले की माणसे तिसऱ्या हिश्श्याने रुंद होतात आणि सीताही पहिलवान दिसू लागते. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या सोसाव्यात. दुकानात डोळे दिपवण्यासाठी ठेवलेला ‘व्हिव्हिड’ प्रकार घरी बंद करावा, आणि ‘शार्पनेस’ची मात्रा साध्या वाहिनीसाठी बरीच खाली आणावी, ती वाढवल्याने तपशील येत नाही, कडांना पांढरी किनार येते आणि चौकोन अधिक उठून दिसतात.

राहता राहिली लग्नाची कॅसेट. आपल्याकडील असंख्य घरांत १९८०-९० च्या दशकांतील विवाहाची व्हीएचएस टेप कपाटात पडून आहे. तिच्यावर आडवा तपशील सुमारे २४० रेषांचा, म्हणजे साध्या वाहिनीहूनही कमी. पुढे कित्येकांनी तिची व्हीसीडी करून घेतली, आणि व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे १,०१,३७६ ठिपक्यांचे. फोर-के पडद्याच्या एक्क्याऐंशी ठिपक्यांमागे धड एक ठिपकाही तिच्यापाशी नाही. तेव्हा व्हीसीडी झाली म्हणून मूळ टेप टाकून देऊ नये, तिच्यात व्हीसीडीपेक्षा अधिक शिल्लक असते. व्हीसीआर बनवणारी जपानची अखेरची मोठी कंपनी फुनाई हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले, चालू स्थितीतली यंत्रे वर्षागणिक घटत आहेत, आणि टेपवरचा चुंबकीय थर दमट कपाटात बुरशी धरतो. काम करणाऱ्याला सांगावे की चित्र ७२० गुणिले ५७६ ह्याच मापात, चारास तीन ह्याच प्रमाणात आणि मूळच्या दोन हप्त्यांसकट उतरव. ‘फोर-के करून देतो’ म्हणाला तर ती प्रत हवी असल्यास वेगळी घ्यावी, पण आधी ही घ्यावी. शक्य झाल्यास टेप व्हीसीआरमध्ये घालण्यापूर्वी तिची झडप उघडून आत पांढरी बुरशी आहे का ते पाहावे. असेल तर ती तशीच चालवू देऊ नये, कारण एका बुरसटलेल्या टेपने यंत्राचे डोके घाण होते आणि मागाहून येणारी दुसऱ्या घरातली टेपही खराब होते.